हाताची सूज : एका उपेक्षित दुखण्याचा इतिहास



नऊ वर्षांपूर्वींची संक्रांत. आमच्या धामणगांव बढ्यांत घरोघर बांगड्या भरीत फिरणारा कासार आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. माझ्या थोरल्या वहिनींनीं आधीं उजवा हात पुढें केला. त्यांत बांगड्या सहज चढल्या. मग डावा हात पुढें केला, तेव्हां त्याच मापाची बांगडी मनगटाच्या अलीकडेच अडली. कासारानें हात हलकेच दाबून पाहिला आणि म्हणाला, "काकू, हा हात सुजेल दिसते." त्याच्या दोन वर्षें आधीं वहिनींच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगावर मुंबईस शस्त्रक्रिया झाली होती. काखेंतील गांठी काढल्या होत्या, किरणांचा उपचारही झाला होता. घरांत आम्ही इतकीं शिकलेलीं माणसें तो हात रोज पाहत होतों. पण सूज ओळखली ती कासारानें.

या सुजेला इंग्रजींत लिंफीडीमा असें नांव आहे. आपण तिला लसीकाशोफ म्हणूं. ती सहसा प्राण घेत नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. पण एकदां आली कीं ती बहुधा जन्माची सोबतीण होते. हात जड होतो, चोळीची बाही दंडावर चढत नाहीं, भाकरी थापतांना खांदा भरून येतो, आणि चारचौघींत बसतांना हात पदराखालीं लपवावा लागतो. मीं शाळेंत आयुष्यभर इतिहास शिकविला. वहिनींच्या हातामुळें या सुजेचा इतिहासही मीं जमेल तसा वाचून काढला. तो आज आपणांपुढें मांडतों. कारण त्यांत मोठमोठ्या शल्यवैद्यांच्या समजुती आहेत, तशीच माझी स्वतःची एक चूकही आहे.

प्रथम लसीका म्हणजे काय तें पाहूं. शेताला पाटानें पाणी मिळतें. पण अधिक झालेलें पाणी निघून जाण्यास बांधाच्या कडेनें चरही असावा लागतो. चर बुजला तर काळ्या रानांत पाणी सांचतें आणि पीक पिवळें पडतें. शरीराचेंही तसेंच आहे. रक्तांतून जें पाणी व जीं प्रथिनें मांसांत झिरपतात, तीं परत रक्तांत नेऊन सोडण्याचें काम अतिशय बारीक नळ्या करितात. त्याच लसीकावाहिन्या. त्यांच्या वाटेवर काख, जांघ व मान या ठिकाणीं घेवड्याच्या दाण्याएवढ्या गांठी असतात. पायांत कांटा मोडून तो पिकला म्हणजे जांघेंत अवधाण येतें, तें याच गांठींचें. रोगजंतूंना तेथें अडविलें जातें. कर्करोगाच्या पेशी स्तनांतून निघाल्या म्हणजे त्याही बहुधा आधीं काखेंतील गांठींतच अडकतात.

या नळ्या मनुष्याच्या दृष्टीस स्पष्टपणें पडल्या त्या १६२२ सालीं. इटलींतील गास्पारे आसेल्ली हा शारीरविद्येचा अध्यापक नुकतेंच खाऊं घातलेल्या एका कुत्र्याचें पोट उघडून पाहत असतां त्याला आंतड्यांभोवतीं पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें दिसलें. त्यांतील एक दोरा कापतांच दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढें तीस वर्षांनीं स्वीडनमधील ओलाउस रुडबेक व डेन्मार्कमधील टॉमस बार्टोलिन यांनीं अशा नळ्या साऱ्या शरीरांत आहेत हें दाखविलें. 'लसीकावाहिनी' या अर्थाचें लॅटिन नांव बार्टोलिननें १६५३ सालीं रूढ केलें.

नळ्या दिसल्या नव्हत्या तरी सूज मात्र आपल्याकडील वैद्यांनीं फार पूर्वींच पाहिली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत श्लीपद नांवाच्या रोगाचें वर्णन आहे. आपण ज्याला हत्तीपाय म्हणतों तोच हा रोग. जेथें जुनें पाणी सांचून राहतें व सर्व ऋतूंत गारवा असतो अशा प्रदेशांत तो विशेष आढळतो, असें तेथें सांगितलें आहे. त्याहून आपल्या विषयास लागू पडणारी एक गोष्ट तेथें आहे : पायांप्रमाणें हातांनाही श्लीपद होतें, असें ग्रंथकारानें स्पष्ट म्हटलें आहे. सांचलेल्या पाण्याचा हा संबंध कां, याचें उत्तर एकोणिसाव्या शतकांत मिळालें. १८७२ सालीं कलकत्त्यास टिमोथी लुइस यांना मनुष्याच्या रक्तांत या रोगाचे सूक्ष्म कृमी आढळले, आणि १८७७ सालीं चीनमध्यें पॅट्रिक मॅन्सन यांनीं ते डांसाच्या शरीरांत वाढतात हें दाखविलें. आपल्या पूर्व विदर्भांतील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांना हा रोग चांगला ओळखीचा आहे. तेथें कृमी लसीकेचा चर बुजवितो. स्तनाच्या कर्करोगांत तोच चर शल्यवैद्याची सुरी व किरण यांमुळें तुटतो. कारणें निराळीं, पण पाणी तुंबण्याची रीत एकच.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. १८४६ सालीं ईथरची गुंगी वापरांत आली आणि १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत जगापुढें मांडली. तोंवर स्तनावरील शस्त्रक्रिया म्हणजे रोगापेक्षांही भयंकर यातना होती. या दोन शोधांमुळें शल्यवैद्यास सावकाश व खोलवर काम करितां येऊं लागलें. अमेरिकेंतील विल्यम हॅल्स्टेड यांनीं १८८२ पासून अशी पद्धत घालून दिली कीं संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील सर्व गांठी एकत्रच काढून टाकावयाच्या. १८९४ सालीं त्यांनीं आपल्या ५० रुग्ण स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोग मुळापासून क्रमाक्रमानें गांठींकडे व तेथून पुढें पसरतो, तेव्हां जितकें अधिक कापावें तितकें बरें, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या काळीं स्त्रिया फार उशिरां, गांठ मोठी झाल्यावर वैद्याकडे येत. त्यांच्या छातीवर रोग पुन्हां उद्भवूं नये म्हणून हा माणूस झटत होता, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु जगलेल्या अनेक स्त्रियांचे हात सुजूं लागले. हॅल्स्टेड यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. १९२१ सालीं, मृत्यूच्या एक वर्ष आधीं, त्यांनीं याच सुजेवर स्वतंत्र लेख लिहिला आणि तिला जें लॅटिन नांव दिलें त्याचा अर्थ 'शस्त्रक्रियेनें झालेला हत्तीरोग' असा होतो. जखमेंत शिरणारा जंतुदोष हें तिचें मुख्य कारण असावें असें त्यांचें मत होतें. तें अगदींच खोटें नव्हतें. पण चर स्वतःच तोडला गेला आहे, या कारणास त्यांनीं पुरेसें महत्त्व दिलें नाहीं. सुजेला नांव मिळालें, तरी शस्त्रक्रिया पुढें पन्नास वर्षें बहुतेक तशीच चालू राहिली. बाई वांचली, मग हात सुजला तर काय बिघडलें, असा एकंदर विचार होता. तो विचार करणाऱ्यांपैकीं कोणालाही तो हात वागवावा लागत नव्हता.

आपल्या प्रांतांत या रोगावरील व्यवस्थित उपचाराची सुरुवात २८ फेब्रुवारी १९४१ या दिवशीं झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या दिवशीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि त्यांचे पति सर दोराबजी दुसऱ्याच वर्षीं निवर्तले. त्यांच्या नांवानें चाललेल्या विश्वस्तनिधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्तिखात्याकडे गेलें. मलकापुरास आगगाडींत बसून दादरला उतरणारे आमच्या भागांतील किती रोगी त्या दारांत गेले असतील याची गणती नाहीं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनें अशा किती तरी कुटुंबांना आसरा दिला आहे. खेड्यांतील रोग्यांची मोजदाद मात्र फार उशिरां सुरू झाली. बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण भागाची कर्करोग-नोंदवही उघडण्यांत आली, ती या देशांतील पहिली.

दरम्यान हॅल्स्टेड यांच्या सिद्धांतास धक्के बसूं लागले होते. लंडनमधील जॉफ्री केन्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत रेडियमच्या सुया वापरून लहान शस्त्रक्रियेवर भागवितां येतें हें दाखविलें, पण त्यांचें ऐकणारे थोडे होते. अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनीं १९७१ पासून सुमारें १,७०० स्त्रियांवर पद्धतशीर तुलना आरंभिली. पंचवीस वर्षांनंतरही मोठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया अधिक जगल्या असें दिसलें नाहीं. इटलींत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनीं ७०१ स्त्रियांची तुलना केली. स्तन राखून केवळ रोगट भाग काढला व किरण दिले, तरी वीस वर्षांनीं जगण्याचें प्रमाण तितकेंच होतें. या दोन्ही परीक्षांचे दीर्घ मुदतीचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या कापण्यापायीं इतके हात सुजले, त्यांतील बरेंचसें कापणें अनावश्यक होतें.

काखेच्या बाबतींत खरी सुधारणा १९९० नंतर झाली. स्तनांतील लसीका सर्वांत आधीं ज्या एक-दोन गांठींत जाते त्या रंगानें किंवा किरणोत्सर्गी द्रव्यानें ओळखावयाच्या, व तेवढ्याच काढून तपासावयाच्या. त्या निर्मळ असल्या तर बाकीच्या गांठींना हात लावावयाचा नाहीं. वेशीवरचा पहारेकरी बिनघोर असला तर गांवांत शत्रु शिरला नाहीं असें समजावें, तसें हें आहे. फरक किती पडला? निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें काखेंतील गांठी सरसकट काढलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें वीस जणींचा हात सुजतो. केवळ पहारेकरी गांठी काढलेल्यांत हेंच प्रमाण सहाच्या आसपास आहे. ज्या रुग्णालयांत महागडीं साधनें नाहींत तेथें काखेच्या खालच्या भागांतील मोजक्याच गांठी काढून काम भागतें काय, याचाही अभ्यास टाटा रुग्णालयांतील शल्यवैद्यांनीं केला आहे. आपल्यासारख्या देशांत त्याचें मोल मोठें आहे.

आतां या इतिहासाचें सर्वांत अलीकडचें पान उलटूं. सुजलेल्या हातांत नुसतें पाणीच असतें अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. स्वीडनमधील माल्मो येथील शल्यवैद्य हाकान ब्रॉर्सन यांनीं जुन्या सुजेच्या हातांतून मेद शोषून काढून दाखविला, तेव्हां कळलें कीं तुंबलेल्या लसीकेच्या ठिकाणीं कालांतरानें मेद वाढतो व मांस निबर होतें. मेदाचा आणि लसीकेचा असा दुहेरी संबंध आहे. लसीका तुंबली कीं मेद सांचतो, आणि अंगावर मेद फार झाला कीं लसीकेचें वहन मंदावतें. बॉस्टनमधील डॉक्टरांनीं ६३२ स्त्रियांचे हात पुन्हां पुन्हां मोजून २०१६ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या हातांतून रक्त काढणें, त्यावर रक्तदाब मोजणें किंवा विमानानें प्रवास करणें यांचा सुजेशीं संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो काखेंतील गांठी सरसकट काढण्याशीं, त्या भागास दिलेल्या किरणांशीं, अधिक वजनाशीं आणि त्वचेच्या जंतुदोषाशीं. जमेल तेथें सुईसाठीं दुसराच हात द्यावा असें अनेक डॉक्टर अजूनही सांगतात, आणि तसें करण्यांत तोटा नाहीं. पण खरी काळजी कोठें घ्यावयाची हें या मोजमापानें दाखविलें.

खाल्लेल्या अन्नाचा शरीर जो जमाखर्च ठेवतें त्याला चयापचय म्हणतात. कर्करोगाच्या उपचारानें हा जमाखर्च बिघडूं शकतो. औषधांनीं पाळी अकालीं बंद होते, थकव्यानें हालचाल कमी होते, वजन चढतें, रक्तांत साखर वाढते. मधुमेह जडला कीं बारीकशी चीरही लवकर पिकते. पिकली कीं हातावर धांवरें पसरतें, म्हणजे कातडी लाल व ऊन होऊन ताप भरतो. आणि प्रत्येक धांवऱ्यागणिक उरलेल्या लसीकावाहिन्या आणखी निकामी होतात. हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं थांबविणें कठीण.

कोणी म्हणेल, आमच्याकडील बायका तर काटक असतात. येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें उदाहरण लक्षांत घ्यावें. २००४ सालीं त्यांनीं लंडनमधील आपले सहकारी युडकिन यांच्यासह स्वतःचेंच छायाचित्र एका जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२. आपल्या लोकांचा मेद वजनाच्या कांट्यावर पुरता दिसत नाहीं. म्हणून भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं स्त्रियांसाठीं कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें साडेएकतीस इंच, ठरविली.

आतां माझी चूक सांगतों. वहिनी मुंबईहून परत आल्या तेव्हां त्यांच्यासोबत सूचनांचा एक छापील कागद होता. त्या हातानें जड उचलूं नये, भाजूं देऊं नये, कापूं देऊं नये, अशीं वाक्यें त्यावर होतीं. घरांतील मास्तर मी, म्हणून तो वाचून दाखविण्याचा मान माझा. मीं तो ठणठणीत आवाजांत वाचला, आणि पुढें कित्येक वर्षें त्याचा अंमल केला. "वहिनी, घागरीला हात लावूं नका. वहिनी, परातीपाशीं बसूं नका. तुम्ही नुसत्या बसून राहा." जन्मभर कापूस वेंचलेल्या, निंदण केलेल्या बाईला मीं ओसरीवर बसवून ठेविलें. तीन वर्षांत त्यांचें वजन अकरा किलोंनीं वाढलें, रक्तांत साखर आली, आणि हात दंडापर्यंत सुजला. शेजारणीच्या सांगण्यावरून आम्हीं एरंडाचीं पानें तापवून शेकही दिला. त्यानें कातडी भाजली आणि धांवरें उठलें. त्या आजारांत एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं तो कागद मागितला, उलटला, आणि माझ्यापुढें धरला. मागल्या बाजूस हाताच्या व्यायामाचीं आठ चित्रें होतीं. प्रश्नपत्रिकेचें पान उलटून पाहत चला, असें मुलांना आयुष्यभर बजावणारा मी. मीं स्वतः तें पान उलटलें नव्हतें.

या बाबतींत मी एकटाच नव्हतों. हात जपावा म्हणजे हलवूं नये, अशीच सर्वत्र समजूत होती. १८९२ सालीं आलेक्झांडर फॉन विनिवार्टर या शल्यवैद्यानें दाब, हात उंच ठेवणें व हलकें मर्दन हे उपाय लिहून ठेविले होते. १९३० नंतर डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनीं अलगद मर्दनाची पद्धत बसविली. पण वजन उचलण्याचें भय कायम होतें. तें २००९ सालीं कमी झालें. अमेरिकेंत कॅथ्रिन श्मिट्झ यांनीं हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकीं निम्म्यांना, शिक्षकाच्या देखरेखीखालीं व दाबाची बाही घालून, आठवड्यांतून दोनदां थोडें थोडें वाढवीत वजन उचलावयास लाविलें. वर्षाअखेर त्यांची सूज इतरांपेक्षां वाढली नव्हती; उलट दुखणें उलटण्याचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा १४, तर इतरांत २९ होतें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत स्थूल व हात सुजलेल्या ३५१ स्त्रियांपैकीं कांहींनीं वजन उतरविलें, कांहींनीं घरच्या घरीं व्यायाम केला. पण हाताची सूज त्यानें कमी झाली नाहीं. तेव्हां वजन उतरविलें कीं सूज ओसरेल असें आश्वासन कोणी देऊं नये. वजन व साखर आंवरण्याचा लाभ मुख्यतः सूज येण्यापूर्वीं आहे, धांवरें टाळण्यांत आहे, आणि हृदय व मूत्रपिंडें सांभाळण्यांत आहे. आलेली सूज ताब्यांत ठेवण्यास दाबाची बाही, पट्ट्या, मर्दन, त्वचेची निगा व बेताचा व्यायाम हीं चार-पांच साधनें मिळून लागतात, आणि तीं जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावीं लागतात.

म्हणून ज्यांच्या घरांत अशी शस्त्रक्रिया झाली असेल त्यांना माझें सांगणें थोडेंच आहे. शिंप्याची टेप घेऊन महिन्यांतून एकदां दोन्ही हात त्याच त्या ठिकाणीं मोजा व आंकडे लिहून ठेवा; सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण पुढेंही येऊं शकते. फरक दिसला तर लगेच दाखवा, कारण कोवळी सूज आंवरतां येते. हात लाल व ऊन झाला, ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नका. नखें, कांटे, विळी व चुलीची वाफ यांपासून कातडी जपा. आणि डॉक्टरांस विचारून, बेताबेतानें, तो हात कामाला लावा. त्या बाईला बसवून ठेवूं नका.

वहिनींचा हात पूर्वीसारखा झाला नाहीं. तो होणारही नाहीं. पण गेल्या पांच वर्षांत धांवरें उठलें नाहीं, साखर गोळीवर ताब्यांत आहे, आणि सकाळीं बाही चढवून त्या मळ्यापर्यंत जाऊन येतात. भाकरी पुन्हां त्याच थापतात. माझ्या वहींत त्यांच्या हाताचीं मापें आहेत. शाळेंतील हजेरीपट मीं कधीं इतका नेमानें ठेविला नव्हता.

यंदाच्या संक्रांतीला तोच कासार आला. मी ओसरीवर बसलों होतों. त्यानें संवयीनें डावा हात मागितला. वहिनींनीं उजवाच पुढें केला आणि म्हणाल्या, "त्या हाताले नको रे दादा, कांच लागन. याच हाताले दोन्हीच्या भर." त्यानें डझनभर बांगड्या एकाच हातांत भरल्या, आणि पैसे मात्र नेहमींचेच घेतले.